घेवड्याची मूळकूज: पाणी तोडायचे की द्यायचे, हे मूळ बघून ठरवा

घेवडा, चवळी, गवार, मटकी, उडीद यांतले कोणतेही पीक भर दुपारी मान टाकू लागले की आपल्या सोलापूर भागात दोन गोष्टी हमखास होतात. कुणी मोटर चालू करून पाणी सोडतो, तर कुणी कृषी सेवा केंद्रातून बुरशीनाशकाची पुडी आणून आळवणी करतो, म्हणजे औषधाचे पाणी झाडाच्या बुडाशी ओततो. खुरपे घेऊन एक झाड मुळासकट काढून बघणारे फार थोडे. खरे तर निम्मा निकाल तिथेच लागतो. मूळकूज म्हणून आपण ज्याला एका नावाने ओळखतो, ते काम जमिनीतल्या निदान पाच वेगवेगळ्या बुरश्या करतात. त्यातल्या बहुतेक ओलाव्यावर पोसतात आणि एक मात्र चक्क पाण्याच्या ताणावर. त्यामुळे एकीवरचा उपाय दुसरीला खतपाणी घालतो.

हा घोळ आपल्याकडेच जास्त का होतो, त्याचे कारण आपल्या पावसात आहे. जिल्ह्याचा वार्षिक पाऊस साधारण ५५० मिलिमीटर. त्यातला काही मृगात पडून जातो आणि मोठा हिस्सा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर येतो. मधल्या जुलै-ऑगस्टात आठवडेच्या आठवडे उघडीप. म्हणजे जूनमध्ये पेरलेले पीक उगवताना चिखलात, फुलावर येताना तडकलेल्या रानात आणि शेंगा भरताना पुन्हा पाण्यात, असे एकाच हंगामात घडू शकते. २०२० च्या ऑक्टोबरातली अतिवृष्टी ज्यांनी पाहिली, त्यांना रान किती दिवस पाण्याखाली राहते हे सांगायला नको. तरी त्याच रानात आठ-दहा आठवडे आधी भेगा पडलेल्या असतात. ‘गेल्या साली ज्या औषधाने थांबले त्याने यंदा काहीच झाले नाही’ ही तक्रार त्यामुळे नेहमी ऐकू येते. औषध दर वेळी बोगसच असते असे नाही. बुरशी वेगळी असते.

मुळाचे होते काय

झाड पाणी घेते ते जाड सोटमुळाने नव्हे, तर त्याच्या अंगावरच्या कोवळ्या, पांढऱ्या, केसासारख्या बारीक मुळ्यांनी. बुरशीचे धागे आधी या मुळ्यांवर किंवा जमिनीलगतच्या कोवळ्या खोडावर बसतात. स्वतःची पाचकद्रव्ये सोडून पेशींच्या भिंती विरघळवतात आणि त्यावर जगतात. बारीक मुळ्या संपल्या की जमिनीत ओल असूनही वर पाणी चढत नाही. सुरुवातीला दुपारी मलूल झालेले झाड संध्याकाळी सावरते, कारण ऊन उतरल्यावर पानांची मागणी कमी होते. शेतकऱ्याला वाटते, ऊनच जास्त होते. पुढे खालची पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते, शेंगा पोचट राहतात. झाड उभेच्या उभे वाळलेले दिसते तोवर मुळाचा बराचसा भाग गेलेला असतो. म्हणून या रोगात वरून दिसणारे लक्षण नेहमी उशिराचे असते.

ओलाव्यातल्या चौघी

पिथियम ही यातली सर्वात घाईची. खरे तर शास्त्रज्ञ तिला खऱ्या बुरशीत धरत नाहीत. ती पाण्यातल्या शेवाळांच्या जवळच्या कुळातली आहे आणि तिचे बीजाणू ओल्या मातीतल्या पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात. बी उगवण्याआधीच मऊ होऊन कुजते, किंवा रोप दोन पानांवर असताना जमिनीलगत पाणचट होऊन आडवे पडते. पेरणीनंतर लगेच झड लागली आणि ओळीत तुटाळ पडली, तर पहिला संशय हिच्यावर घ्यावा. रोप थोडे मोठे होऊन खोड टणक झाले की तिचा जोर कमी होतो.

रायझोक्टोनियाचा डाग ओळखायला सोपा असतो. जमिनीलगतच्या खोडावर तांबूस-तपकिरी, आत दबलेला, कडा स्पष्ट असलेला चट्टा. चट्ट्याने खोडाला वेढा घातला की रोप तिथेच मोडते. बी खोल पडले तर कोंब वर यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ त्याचे कोवळे खोड या बुरशीच्या तावडीत असते. आपल्याकडे पाभरीची खोली रब्बी ज्वारीच्या सवयीने ठेवली जाते. ज्वारीला खालची ओल गाठायची असते म्हणून ते ठीक. घेवड्याला तीन-चार सेंटिमीटर पुरे.

फ्युझॅरियमची मूळकूज सावकाश चालते. सोटमुळावर आधी उभ्या तांबड्या रेघा दिसतात, मग मूळ विटकरी-तपकिरी होते आणि उभे तडकते. झाड लगेच मरत नाही. बाधित भागाच्या वर, खोडापासून नव्या आडव्या मुळ्या फुटतात आणि त्यांच्या जिवावर ते तग धरते. या एका गोष्टीचा उपयोग करून घेता येतो, त्याबद्दल पुढे सांगतो. ही बुरशी घट्ट, दबलेल्या जमिनीत फार त्रास देते. ट्रॅक्टरच्या चाकाखाली वर्षानुवर्षे दबलेल्या पट्ट्यात, किंवा एकाच खोलीवर नांगरून खाली जो कठीण थर तयार होतो त्याच्यावर, मुळे अडकून बसतात आणि तिथेच सडतात.

चौथी स्क्लेरोशियम, जिची मानकूज आपण भुईमुगातही पाहतो. खोडाच्या बुडाशी, मातीच्या अगदी वरच्या थरात, कापसासारखी पांढरी बुरशी पंख्यासारखी पसरते आणि तिच्यात मोहरीएवढे गोल दाणे तयार होतात, आधी पांढरे, मग तपकिरी. हे दाणे म्हणजे तिची साठवण. तेच मातीत राहून पुढच्या पिकावर उठतात. हिला ऊब, ओल आणि अर्धवट कुजलेला पालापाचोळा लागतो. शिवाय हवाही लागते, म्हणून ती खोल जात नाही. साखर कारखान्यांचा जिल्हा असल्याने आपल्याकडे मळी आणि पाचट भरपूर. न कुजलेली मळी किंवा कच्चे शेणखत पेरणीच्या तोंडावर रानात ओढले, तर पिकाच्या आधी हिची सोय होते.

कोरडी मूळकूज, आणि ज्वारीशी तिचे नाते

आता जी खरी सोलापूरची म्हणावी ती. मॅक्रोफोमिना. तिचे काम उलटे चालते. ३० ते ३५ अंश तापलेली माती आणि पाण्याचा ताण, हे तिचे आवडते दिवस. रोप लहान असताना ती मुळात शिरून गप्प बसू शकते. पीक फुलावर-शेंगांवर आले की झाडातली साखर शेंगांकडे ओढली जाते आणि मुळाच्या वाट्याला कमी येते. त्यातच पावसाने ताण दिला की मुळाची प्रतिकाराची ताकद संपते आणि ही डोके वर काढते. चार दिवसांत झाड वाळते. वाळलेली पाने बऱ्याचदा झाडावर तशीच लटकून राहतात.

असे झाड ओढले तर ते सहज वर येते, पण सोटमुळाचे टोक तुटून जमिनीत राहते, कारण मूळ कडक आणि ठिसूळ झालेले असते. मुळाची साल सुटते. ती नखाने बाजूला करून भिंगातून पाहिले, तर आतल्या भागावर कोळशाची पूड शिंपडल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसतात. ही तिची बीजे. कोरड्या मातीत ती वर्षानुवर्षे जिवंत राहतात.

हेच काळे ठिपके सोलापूरच्या शेतकऱ्याने दुसरीकडे पाहिलेले आहेत. रब्बी ज्वारी दाणे भरताना कोलमडते, ताट बुडाशी पोकळ होते, चिरले की आत काळी भुकटी. तो खडखड्या. मंगळवेढ्याच्या भारी काळ्या रानातला मालदांडी ज्वारी पिकवणारा शेतकरी त्याला चांगला ओळखतो. ज्वारीचा खडखड्या आणि घेवडा, चवळी, मटकी, हरभऱ्याची कोरडी मूळकूज करणारी बुरशी एकच आहे. ती पाचशेहून जास्त वनस्पतींवर जगते. करडई, सूर्यफूल, तीळ, भुईमूग, मका, सोयाबीन, सगळी तिच्या यादीत आहेत.

आता फेरपालटीचा जो सल्ला आपण सर्रास देतो, ‘कडधान्यानंतर तृणधान्य घ्या’, तो या कसोटीवर लावून बघा. फ्युझॅरियम आणि स्क्लेरोशियम यांच्या बाबतीत तो बरोबर आहे. दोन-तीन वर्षे ज्वारी, बाजरी, गहू घेतला तर त्यांची उपासमार होते. मॅक्रोफोमिनाच्या बाबतीत खरीप उडीद आणि मागून रब्बी ज्वारी हा आपला ठरलेला क्रम म्हणजे तिला बाराही महिने जेवणाची सोय. फेरपालट बंद करा असे मी म्हणत नाही. पण कोरडी मूळकूज असलेल्या रानात नुसत्या फेरपालटीवर विसंबू नये. तिथे ओल टिकवणे आणि सेंद्रिय खत हेच मोठे हत्यार.

उपटू नका, खणून काढा

निदान करताना पूर्ण वाळलेले झाड घेऊ नका. त्यावर मेल्यानंतर बसलेल्या बुरश्याही असतात आणि त्या दिशाभूल करतात. नुकते मलूल होऊ लागलेले झाड, त्याच्या शेजारचे निरोगी दिसणारे झाड आणि रानाच्या दुसऱ्या टोकाचे एक, अशी झाडे खुरप्याने मातीच्या ढेकळासकट काढा, बादलीत बुडवून माती विरघळू द्या आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. मूळ मऊ आणि पाणचट असेल तर ओली कूज. कोरडे, ठिसूळ, काळे ठिपके असतील तर कोरडी. बुडाशी पांढरा पंखा असेल तर स्क्लेरोशियम. तरी खात्री होत नसेल तर धुतलेल्या मुळाचे तुकडे ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या डब्यात तीन-चार दिवस ठेवा. पांढरे धागे भराभर वाढून त्यांत मोहरीएवढे दाणे धरू लागले तर स्क्लेरोशियमचा संशय पक्का होतो. मोहोळचे किंवा सोलापूरजवळच्या खेडचे कृषी विज्ञान केंद्र गाठायचे असेल तर असा नमुना कागदात नेता येतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घामेजलेले झाड नेऊन काही उपयोग नाही.

मुळावर गाठी दिसल्या म्हणून घाबरू नका. कडधान्याच्या मुळावर नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असायलाच हव्यात. त्या मुळाला बाजूने चिकटलेल्या असतात, अंगठ्याने सहज सुटतात आणि चिरल्यावर आतून गुलाबी असतात. सूत्रकृमीची, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींची, गाठ सुटत नाही, कारण तिथे मूळच सुजलेले असते. सूत्रकृमी मुळाला भोके पाडतात आणि बुरशीला दार उघडून देतात. सांगोला-पंढरपूरकडे डाळिंबाच्या बागांत सूत्रकृमीचा त्रास आहे. अशा बागेत आंतरपीक म्हणून घेवडा-चवळी घेणे म्हणजे दोन्ही पिकांत सूत्रकृमी वाढवणे. त्याऐवजी झेंडू लावावा.

तुरीची मर हा आणखी वेगळा प्रकार. तिथे मूळ बाहेरून बरे दिसू शकते, पण खोड उभे चिरले की आत तपकिरी-काळ्या रेघा दिसतात आणि बुडापासून खोडावर जांभळट पट्टा चढतो. बार्शी-अक्कलकोटच्या तूरवाल्यांना हे माहीत असते. मात्र त्यांचा उपाय, म्हणजे मर-प्रतिकारक वाण, घेवड्याच्या मूळकुजीत चालत नाही. पाचही बुरश्यांना पुरून उरेल असा घेवड्याचा वाण नाही.

एक गोष्ट बुरशीची नसून बुरशीला मदत करणारी. घेवडा हे क्षाराला अतिशय नाजूक पीक आहे. मातीतल्या क्षारांची विद्युत वाहकता १ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की त्याचे उत्पादन घटू लागते. खोल बोअरचे मचूळ पाणी, कालव्याखाली चिबड झालेली रानं आणि पांढरे फटक चोपण पट्टे यात त्याची मुळे आधीच दमलेली असतात. पाणी तपासून घ्यायला फार खर्च येत नाही. मचूळ पाण्यावर घेवड्याचा हट्ट धरण्यापेक्षा गवार घ्यावी, ती जास्त सोसते.

पेरणीआधीचे काम

मूळकुजीचा खरा बंदोबस्त पेरणीआधी होतो. उन्हाळी खोल नांगरटीने स्क्लेरोशियमचे दाणे खाली गाडले जातात आणि दबलेला थर फुटतो. पुढची मशागत मात्र उथळ ठेवा, नाहीतर गाडलेले पुन्हा वर येते. एप्रिल-मेच्या ४२ अंशांचा फायदा रोपवाटिकेला किंवा दोन-चार गुंठ्यांच्या भाजीपाल्याला करून घेता येतो. वाफा आधी भिजवायचा आणि पातळ पारदर्शक प्लॅस्टिकने चार ते सहा आठवडे कडा दाबून झाकायचा. काळे प्लॅस्टिक नको, त्याने माती तेवढी तापत नाही. भिजवणे चुकवू नका. मॅक्रोफोमिनाची बीजे कोरडी उष्णता आरामात सोसतात, ओल्या उष्णतेत कमकुवत होतात. जोधपूरच्या काझरी संस्थेत गवारीच्या रानात मोहरीचा भुसा मातीत मिसळून उन्हाळ्यात एक पाणी दिल्यावर या बुरशीची बीजे बरीच घटल्याचे दिसले आहे. मोहरी कुजताना जे वायू सुटतात ते आणि ओली उष्णता, दोन्ही मिळून काम करतात.

भारी काळ्या रानात सपाट पेरणी टाळा. रुंद सरी-वरंबा आपल्या लहरी पावसाला दोन्ही बाजूंनी पुरतो. झड लागली तर जादा पाणी सरीतून निघून जाते आणि उघडीप पडली तर सरीतली ओल वरंब्याला मिळते. पेरणी वाफशावरच. चिखलात पेरून दोन दिवस वाचवले आणि निम्मी उगवण घालवली, असा हिशेब दर मृगात कुणाचा ना कुणाचा होतो.

बीजप्रक्रिया ही सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त टाळली जाणारी गोष्ट. रासायनिक करायची तर किलोला ३ ग्रॅम थायरम. जैविक करायची तर किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा. नंतर रायझोबियम, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे पाकीट, गुळाच्या थंड पाण्यात कालवून. क्रम लक्षात ठेवा: बुरशीनाशक आधी, कीटकनाशक असेल तर त्यानंतर, जिवाणू खत सगळ्यात शेवटी, आणि बी सावलीत सुकवून लगेच पेरायचे. कार्बेन्डाझिम आणि ट्रायकोडर्मा एकत्र लावू नका. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे आणि कार्बेन्डाझिम तिलाही मारते. हे दोन्ही एकाच बादलीत कालवलेले मी पाहिले आहे. विकणाऱ्याने दोन्ही पाकिटे खपवली, एवढेच त्यातून झाले.

ट्रायकोडर्माबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. ती चांगली आहे, पण जादू नाही. रोगट बुरशीच्या धाग्यांना विळखा घालून ती त्यांना खाते आणि मुळाभोवतीची जागा आधी अडवते. त्यासाठी तिला ओल आणि खायला सेंद्रिय पदार्थ लागतात, आणि आम्लाकडे झुकणारी माती मानवते. आपली माती चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास, सेंद्रिय कर्ब कमी. अशा कोरड्या रानात नुसती पुडी पाण्यातून सोडली तर ती उपाशी मरते. म्हणून एकरी एक-दोन किलो ट्रायकोडर्मा शंभर किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळा, सावलीत ओलसर ठेवा, गोणपाटाने झाका, अधूनमधून हलवा आणि दहा-पंधरा दिवसांनी शेवटच्या पाळीआधी रानात टाका. पाकीट घेताना मुदत बघा आणि दुकानात ते कुठे ठेवले होते तेही बघा. पत्र्याच्या गाळ्यात सगळा मे महिना भाजलेल्या पाकिटात जिवंत किती उरले असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

रोग दिसल्यावर

ओली कूज असेल तर पहिले काम पाणी थांबवणे आणि साचलेले काढून देणे. ठिबक असेल तर थोडे पाणी, पण रोज, ही सवय मोडा. लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, खोडाला चिकटून असेल तर हातभर बाजूला सरकवा. फ्युझॅरियममध्ये खोडाला मातीची भर द्या. वरच्या भागातून नव्या मुळ्या फुटायला ओलसर माती मिळाली की अर्धे झाड तरी वाचते. ही भर स्क्लेरोशियम असलेल्या रानात देऊ नका, तिथे बुडाची माती मोकळी ठेवायची असते.

कोरडी कूज असेल तर उलट. फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना एक संरक्षित पाणी कोणत्याही औषधापेक्षा जास्त काम करते. उथळ कोळपणी करून भेगा बुजवा, ओळींमध्ये पाचटाचे आच्छादन द्या, म्हणजे माती थंड राहते. फक्त आच्छादन खोडापासून चार बोटे लांब ठेवा. रोपांची दाटी केली असेल तर विरळणी वेळेवर झालेली बरी, कारण उरलेली ओल जितक्या तोंडांत वाटली जाईल तितका ताण लवकर बसतो.

आळवणीचे औषध बुरशी बघून निवडावे लागते. कार्बेन्डाझिम रायझोक्टोनिया, फ्युझॅरियम, मॅक्रोफोमिना यांच्यावर चालते, पिथियमवर अजिबात नाही. मेटॅलॅक्झिल पिथियमवर चालते, बाकीच्यांवर नाही. प्रमाण आणि त्या पिकासाठी मान्यता आहे की नाही, हे लेबलवर वाचून घ्या. सडलेले मूळ कोणतेही औषध परत आणत नाही. आळवणी असते ती शेजारच्या, अजून बऱ्या दिसणाऱ्या झाडांसाठी, म्हणून ती रोगट ठिकाणाभोवतीच्या दोन-तीन फुटांच्या कड्यात करा. सगळ्या रानाला औषध पाजणे म्हणजे पैसे मातीत घालणे. तोडणी चालू असेल तर आणखी विचार करा. घेवडा-गवारीचा तोडा दोन-तीन दिवसांआड होतो आणि माल दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या मार्केट यार्डात असतो. औषधाच्या लेबलवरचा काढणीपूर्व काळ, म्हणजे औषध दिल्यावर तोडणीआधी थांबायचे दिवस, त्यात बसत नाही.

उपटलेली रोगट झाडे बांधावर किंवा उकिरड्यात टाकायची सवय आपल्याकडे फार आहे. बांधावरची पहिल्या पावसात वाहून खालच्या रानात जातात. उकिरड्यातली, ढीग नीट तापला नाही तर, पुढच्या वर्षी शेणखताच्या गाडीतून त्याच रानात परत येतात. ती पोत्यात भरून रानाबाहेर न्या आणि जाळून टाका. काम झाल्यावर खुरपे आणि कोळप्याची पास धुवा, आणि रोगट पट्ट्यात सगळ्यात शेवटी शिरा, आधी नव्हे.